खिडकी गळत नाहीये, तुंबलीये

आधी पत्र, थोडं कापून देतेय.

"ताई, आत राहता-झोपता येईल अशी सेकंडहँड कॅम्पर व्हॅन घेतली, २० वर्षं तरी जुनी असेल. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम फ्रेमच्या सरकत्या खिडक्या आहेत. पाऊस आला की डावीकडच्या खिडकीखाली गादीचा कोपरा भिजतो. बाहेरून फ्रेमच्या चारी बाजूंनी सिलिकॉन मारलं, फरक पडला नाही म्हणून महिन्याभराने परत मारलं, खालच्या बाजूला तर चांगला जाड थर दिला. उलट आता जास्तच पाणी येतंय. खिडकीखालचं प्लायवूड काळं पडलंय, आत कुबट वास मारतो. नवीन खिडकीच बसवू का? का व्हॅनच विकून टाकू? तुमचा, वैतागलेला."

अरे वैतागलेल्या, पहिलं काम म्हणजे ती सिलिकॉनची ट्यूब खाली ठेव, आणि परत मी सांगेपर्यंत उचलू नको. तुझ्या पत्रात "खालच्या बाजूला तर चांगला जाड थर दिला" हे वाक्य वाचलं आणि मला अर्धं उत्तर तिथेच मिळालं, कारण हाच उद्योग मी स्वतः करून बसलेय. आमच्या जुन्या व्हॅनला मी असंच चारी बाजूंनी लिंपून ठेवलं होतं, मोठी हुशारी केल्यासारखं, आणि मग एका पावसात ह्यांनी जरा जोरात वळण घेतलं तर खिडकीच्या ट्रॅकमधलं, म्हणजे काच सरकते त्या खाचेतलं, गार पाणी बदकन माझ्या मांडीवर. पेलाभर तरी असेल. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की खिडकी गळत नव्हती, खिडकी तुंबली होती आणि तुंबवली होती मी.

म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. सरकती खिडकी पूर्ण वॉटरप्रूफ नसतेच, ती तशी बनवलेलीच नसते. काच सरकायची म्हणजे काच आणि फ्रेममध्ये फट पाहिजे, आणि त्या फटीत जी मखमली पट्टी किंवा फेल्टचं चॅनल असतं ते पाणी अडवत नाही, फक्त हळू करतं. पाऊस काचेवरून ओघळतो, त्यातलं थोडं पाणी खालच्या ट्रॅकमध्ये जाणारच, आणि बनवणाऱ्याला हे माहीत असतं म्हणून त्याने ट्रॅकची आतली कड उंच ठेवलेली असते आणि बाहेरच्या कडेला खाली बारीक भोकं किंवा चिरा दिलेल्या असतात. आलेलं पाणी त्यातून बाहेर. आपल्या मोरीसारखंच आहे ते, पाणी पडणार हे धरूनच बांधलेली जागा. त्या मोरीच्या तोंडात तू सिलिकॉनचा बोळा कोंबलास, तोही दोनदा. आता ट्रॅक भरतो, भरला की कुठे जाणार, आतली कड ओलांडून तुझ्या गादीवर.

तेव्हा पहिलं काम, खालच्या बाजूचं सिलिकॉन काढ. प्लॅस्टिकची पट्टी घे, लोखंडी पातं रंगावर नको चालवू, ओरखडा पडला की तिथून गंज सुरू. फ्रेमच्या खालच्या बाहेरच्या कडेवर बोट फिरवत जा, टॉर्च लाव, भोकं सापडतील. साधारण दोन टोकांकडे असतात, कधी मध्येही एखादं असतं. काहींवर प्लॅस्टिकची छोटी टोपी असते, तिच्या मागे भोक लपलेलं असतं. टोपी तुटलेली असेल तर नवीन लाव, ती शोभेची नाही, गाडी वेगात असताना वारा पाण्याला भोकातून उलटा आत रेटतो ते ती अडवते. तुझी खिडकी पार्किंगमध्ये कोरडी आणि हायवेवर ओली असं कधी झालं असेल तर ह्या टोप्या आधी बघ.

आता आतून काच अर्धी सरकव आणि ट्रॅकमध्ये बघ. जे दिसेल त्याची तयारी ठेव. काळा गाळ, फेल्टचे केस, मेलेले किडे, आणि जुन्या गाडीत तर चक्क शेवाळ. जुना टूथब्रश, कोमट साबणाचं पाणी, आणि भोकात घालायला केबल टायचं टोक, ते छान लवचिक असतं आणि ओरखडत नाही. काच एका बाजूला नेऊन अर्धा ट्रॅक, मग दुसऱ्या बाजूला नेऊन उरलेला. व्हॅक्यूम असेल तर आधी सुका गाळ ओढून घे, नाहीतर पाणी घातलं की त्याचा चिखल होऊन तोच परत भोकात जाऊन बसतो. झालं की अर्धा कप पाणी ट्रॅकमध्ये ओत आणि बाहेर जाऊन उभा राहा. काही सेकंदांत बाहेर धार लागली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर अजून अडकलंय, परत घास.

आणि हो, गाडी कशी उभी आहे तेही बघ. भोक मागच्या टोकाला आणि गाडी पुढे उतारावर, असं असलं तर पाणी पुढच्या कोपऱ्यात साचून राहतं. गाडी आतल्या बाजूला कललेली असेल तर थोडंसं साचलेलं पाणीही आत येतं. एखाद्या मुक्कामाला गळते आणि दुसऱ्या मुक्कामाला नाही, असल्या भुताटकीचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

बऱ्याच लोकांचं काम इथेच संपतं, खरंच सांगतेय. तुझं कदाचित संपणार नाही, कारण प्लायवूड काळं पडलंय म्हणजे हे फार दिवसांपासून चालू आहे, तुझ्या सिलिकॉनच्या आधीपासून. मग आता गळती शोधायची, आणि शोधायची म्हणजे शोधायची, अंदाजाने लिंपायचं नाही. जिथे ओलं दिसतं तिथेच भोक असतं असं अजिबात नाही. छतावरच्या रॅकचा बोल्ट, व्हेंटची (हवेच्या झरोक्याची) कड, ऑनिंगच्या, म्हणजे बाहेर ओढायच्या कापडी छपराच्या, पट्टीचे स्क्रू, छत आणि बाजूच्या पत्र्याचा सांधा, ह्यातून कुठूनही पाणी शिरतं, आतल्या पत्र्याच्या बरगडीवरून वाहत येतं, आणि वाटेत खिडकीचं मोठं भोक लागलं की तिथे बाहेर पडतं. आपण बिचाऱ्या खिडकीला लिंपत बसतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

आधी एक साधी खात्री कर. पाऊस नसताना, रात्री झोपून उठल्यावर सकाळी फ्रेम ओली असते का? असेल तर ती गळती नाहीच, तो तुझा श्वास आहे, आणि गॅसवर काही केलं असेल तर त्याची वाफ. गॅस जळतानाही पाणी तयार होतं, भांड्यातल्या वाफेचं वेगळं. ॲल्युमिनियम गार पडतं आणि सगळी वाफ त्यावर जमते, ओघळून त्याच प्लायवूडवर जाते. त्याला सीलंटचा उपाय नाही, हवा खेळती ठेवायची, एक खिडकी बोटभर उघडी आणि वरचा व्हेंट उघडा.

खिडकीखालचं आतलं पॅनेल काढ, काळं पडलेलं तर तसंही जाणारच आहे. मागे इन्सुलेशन असेल तर ते पण काढ, लोकर भरलेली असेल तर ती पाणी पिऊन बसलेली असणार. सगळं कोरडं होऊ दे, पंखा लाव, दोन-तीन दिवस गेले तरी चालतील. मग खिडकीच्या कडेने आतून टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटव, टिश्यूवर एक थेंब पडला तरी लगेच गडद डाग दिसतो, नुसत्या पत्र्यावर कळत नाही. एक जण आत टॉर्च घेऊन, एक बाहेर पाइप घेऊन. प्रेशर वॉशर नको, त्याने चांगली खिडकीसुद्धा गळेल, साध्या पाइपने पावसासारखं पाणी सोडायचं.

आणि खालून वर जायचं. हे फार महत्त्वाचं आहे आणि सगळे उलटं करतात. वरून पाणी सोडलं की ते खाली सगळीकडेच जातं, मग आत पाणी आलं तरी कुठून आलं ते काय कळणार? आधी फक्त खालची कड, ५ ते १० मिनिटं, घाई नाही. मग एक उभी बाजू, मग दुसरी, मग वरची कड, मग त्याच्या वरची पन्हळ, आणि सगळ्यात शेवटी छत. आतला माणूस ओरडला की थांब. मी पहिल्यांदा केलं तेव्हा प्रत्येक जागी मिनिटभर पाणी मारून पुढे गेले, आणि छताशी पोचले तेव्हा खालच्या कोपऱ्यातलं पाणी आत आलं, मला वाटलं छतच गळतंय. झिरपायला वेळ लागतो हे डोक्यात नव्हतं.

फ्रेमचे खालचे दोन कोपरे वेगळे तपास. बऱ्याच खिडक्यांत फ्रेमच्या पट्ट्या तिथे तिरक्या कापून जोडलेल्या असतात, सांध्यात कारखान्यातलं सीलंट असतं आणि इतक्या वर्षांत ते वाळून उडालेलं असतं. युक्ती अशी की बाहेरची भोकं थोडा वेळ टेपने बंद कर, ट्रॅकमध्ये रंगीत पाणी भर, आतली कड ओलांडणार नाही एवढंच, आणि बघत बस. पातळी खाली गेली आणि आत रंगीत डाग आला तर कोपरा फुटलाय. टेप काढून टाक नंतर, नाहीतर परत पहिले पाढे पंचावन्न. कोपरा पूर्ण कोरडा करून आतून, ट्रॅकच्या बाजूने, पातळ वाहणारं सीलंट सांध्यात सोड, बारीक फटीत ते स्वतःच ओढलं जातं. भोकाकडे वाहत जाणार नाही एवढं बघ.

काच हलवली की खडखडते, फेल्ट टक्कल पडल्यासारखं झालंय, असं असेल तर चॅनल बदल. जुन्याचा एक तुकडा कापून सोबत ने, रुंदी आणि खोली दोन्ही जुळली पाहिजे, डोळ्यांच्या अंदाजाने आणलेलं चॅनल एकतर काच अडकवतं नाहीतर लोळतं. आणि एक गोष्ट, नवीन चॅनल अखंड येतं, त्याला भोकं नसतात! फ्रेमच्या भोकांसमोर येईल तिथे चॅनललाही कापून वाट करावी लागते. आमचं चॅनल एका कारागिराने इतकं सुबक बसवून दिलं की बघत राहावं, आणि पहिल्या पावसात आत तळं. भोकं खाली, वर अखंड चॅनल. मला परत सगळं ओढून काढावं लागलं.

आता समज, पाणी फ्रेम आणि पत्र्याच्या मधून येतंय, म्हणजे कडेच्या मागून. तर खिडकी काढून परत बसवायची, त्याला शॉर्टकट नाही. बाहेरून वर सिलिकॉनचा लेप देणं म्हणजे फुटलेल्या माठाला बाहेरून पावडर लावणं. सिलिकॉनवर मी एवढी का चिडते तर एक म्हणजे ते एकदा लागलं की त्याचा अंश राहतो आणि त्यावर रंग धरत नाही, दुसरं सीलंट धरत नाही, पुढच्या माणसाचं काम नासवतं. दुसरं म्हणजे ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, उघड्या धातूला ते चांगलं नाही. आणि पॉलियुरेथेन सीलंट पण नको, ते मुळात घट्ट चिकटवण्यासाठीच असतं, म्हणजे पुढच्या वेळी खिडकी निघण्याऐवजी पत्रा निघेल.

पाहिजे ब्युटाइल टेप. करड्या नाहीतर काळ्या, च्युइंगगमसारख्या पट्टीचा रोल मिळतो, साधारण ३ मिलिमीटर जाड घे. ते वर्षानुवर्षं मऊ राहतं, सिलिकॉनसारखं सुकत नाही, म्हणून गाडी हलली, पत्रा उन्हात ताणला, तरी ते सोबत ताणतं.

खिडकी काढायला आतल्या रिंगचे, म्हणजे खिडकीला आतून पत्र्यावर आवळून धरणाऱ्या चौकटीचे, स्क्रू सोडव, कुठला स्क्रू कुठून निघाला ते एका पुठ्ठ्यावर खिडकीचं चित्र काढून त्यातच टोचून ठेव, कारण लांबी वेगवेगळी असू शकते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर बाहेर डोकं काढतो. शेवटचे दोन-तीन स्क्रू काढायच्या आधी बाहेर कोणालातरी उभं कर. खिडकी जड असते आणि जुनं सीलंट अचानक सोडतं. सोडत नसेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नको, पत्रा वाकला की संपलं, प्लॅस्टिकच्या पाचरी हळूहळू सरकव.

खिडकी निघाली की खरं काय ते दिसतं. पत्र्याच्या कापलेल्या कडेवर गंज असणार. फुगलेला रंग सगळा खरवडून चकचकीत धातूपर्यंत जा, खड्ड्यात उरलेल्या गंजाला रस्ट कन्व्हर्टर (गंज पक्का करून थांबवणारं रसायन), मग प्रायमर, मग रंग, आणि रंग नीट वाळू दे, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ खरंच दे. ओल्या रंगावर ब्युटाइल लावलंस तर ते रंगासकट निघेल. पत्रा बोटाने दाबून आत जात असेल किंवा आरपार भोकं असतील तर वेल्डिंगवाल्याकडे जा, टेप लावून झाकू नको. कडेने आत लाकडी पट्टी भरलेली असेल तर तिच्यात स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघ, लोण्यात गेल्यासारखं गेलं तर ती पट्टी बदल, कुजक्या लाकडाच्या जागी काही नसलं तर आतली रिंग पत्र्याला घट्ट आवळणार कशी?

फ्रेमवरचं आणि पत्र्यावरचं जुनं सगळं काढायला सगळ्यात जास्त वेळ जातो, अर्धा दिवस धर, तुझ्या दोन थरांमुळे पूर्ण दिवस. ब्युटाइलचा जुना चिकटा मिनरल स्पिरिटने (रंग पातळ करायच्या द्रावणाने) निघतो, सिलिकॉनला मात्र त्याचं खास रिमूव्हर लागतं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घे. तुझ्या खिडकीला काचेऐवजी ॲक्रेलिक असेल तर मात्र ह्यातलं कुठलंच रसायन तिला लागू देऊ नको, जाळीसारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या परत जात नाहीत. तिथे फक्त साबणाचं पाणी.

टेप फ्रेमच्या कडेच्या आतल्या बाजूला, जी पत्र्याला टेकते तिथे, लावायची, खाली मधोमध सुरू करून गोल फिरून परत तिथेच. कोपऱ्यावर ओढायची नाही, ओढली की पातळ होते आणि नेमकी तिथेच गळते, उलट थोडी गोळा करून दाब. दोन टोकं बोटाने मळून एकजीव कर. थंडी असेल तर रोल आधी गरम जागी ठेव, गार ब्युटाइल दगडासारखं वागतं. खिडकी बसवली की स्क्रू हाताने आवळ, ड्रिलने नको, आणि एका कडेने ओळीने नको, समोरासमोर, इथला एक तिथला एक. सगळीकडून टेप सारखी बाहेर डोकावली की थांब. पूर्ण ताकद लावून आवळलंस तर सगळं ब्युटाइल पिळून बाहेर येईल आणि आत काहीच उरणार नाही. एक दिवस उन्हात राहू दे, ब्युटाइल बसतं, मग परत पाव फेरा. बाहेर आलेला फुगवटा प्लॅस्टिकच्या पट्टीने कापून टाक.

एवढं करून हात शिवशिवत असतील तर वरच्या कडेला आणि दोन बाजूंना बाहेरून चांगल्या सीलंटची बारीक रेघ मारलीस तरी चालेल. खालची कड उघडी ठेव. चुकून मागे पाणी गेलंच तर त्याला बाहेर पडायला जागा पाहिजे.

खिडकी फ्रेमची नसून जाड रबरात बसवलेली असती तर हे ब्युटाइल प्रकरण लागू नसतं, तिथे कोपऱ्यात आकसलेलं रबरच बदलतात. पण तू ॲल्युमिनियम फ्रेम म्हणालास म्हणून त्यात शिरत नाही.

नवीन खिडकी घ्यायची का, तर फ्रेम पिळली असेल किंवा कोपरा धातूतूनच फाटला असेल तरच. कड गंजलेली तशीच ठेवून कोरी करकरीत खिडकी बसवलीस तरी ती गळणार, फक्त नवीन दिसून गळेल. व्हॅन विकायची तर ते तुझं तू ठरव, पण निदान कोरडी करून वीक रे, त्या पुढच्या माणसाने काय पाप केलंय.

काळं प्लायवूड काढताना मास्क लाव, बुरशी आहे ती, सुकी झाली की उडते. नुसता वरून डाग असेल आणि लाकूड टणक असेल तर घासून, वाळवून वापरता येईल, पापुद्रे सुटले असतील तर फेक. आणि नवीन पॅनेल लगेच ठोकायची घाई करू नको. दोन चांगले जोरदार पाऊस होऊ देत, टिश्यूच्या पट्ट्या तशाच ठेव, गादी दुसऱ्या बाजूला सरकव. तोपर्यंत व्हॅन आतून उघडीबोडकी दिसेल, दिसू दे.